फौजेतून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात: भरती, पगार आणि टेबलावरचं खरं काम

नवी_वाट (धागाकर्ता)

फौजेत वीस-बावीस वर्षं काढून, किंवा शॉर्ट सर्व्हिसची (ठरावीक मुदतीच्या कमिशनची) चौदा वर्षं पुरी करून बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्याला सल्ले भरपूर मिळतात. कंपनीत सिक्युरिटी हेड व्हा, एमबीए करा, शाळा चालवायला घ्या. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी या पदाबद्दल मात्र सगळी माहिती तुटक. योजनांच्या याद्या जिथे-तिथे आहेत, पण त्या खुर्चीत बसून दिवसभर करायचं काय, हे एका जागी सापडत नाही. म्हणून हा धागा.

विचारायचं ते असं: पद कोणाच्या हाताखाली येतं, भरती कशी होते, पेन्शन चालू असताना पगार कसा बसतो, आणि पहिल्या वर्षात माणूस कुठे अडकतो. आठवणी, किस्से नकोत, नेमकं लिहा. केंद्राचा आणि महाराष्ट्राचा नियम वेगळा असेल तिथे तसं सांगा.

---

नस्तीकार

आधी वंशावळ सांगतो, कारण पुढची निम्मी गोंधळाची प्रकरणं "हे काम नक्की कोणाचं" इथेच सुरू होतात.

दिल्लीत संरक्षण मंत्रालयाखाली माजी सैनिक कल्याण विभाग आहे, २००४ साली वेगळा झालेला. त्याच्याकडे तीन घरं. केंद्रीय सैनिक बोर्ड कल्याण योजना बघतं, पुनर्वसन महासंचालनालय म्हणजे डीजीआर नोकऱ्या आणि प्रशिक्षण बघतं, ईसीएचएस दवाखाना बघतं. बोर्डाचे अध्यक्ष संरक्षणमंत्री.

महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालय पुण्यात, घोरपडीला राष्ट्रीय युद्ध स्मारकासमोर. मंत्रालयात हे खातं सामान्य प्रशासन विभागाकडे. जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथे जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि हा अधिकारी त्या मंडळाचा सचिव.

म्हणजे आस्थापना पुण्याची, बैठक कलेक्टरची आणि योजनांचे निकष दिल्लीचे. खर्चही वाटून: आस्थापनेचा ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य. या साठ टक्क्यांची प्रतिपूर्ती लेखापरीक्षित विवरणपत्रावर येते, त्यामुळे खर्चाचा एकेक कागद दोनदा तपासला जातो हे धरूनच चालायचं.

कर्मचारी मोजके. सहायक जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, कल्याण संघटक, लिपिक, शिपाई, चालक, आणि वसतिगृह असेल तर अधीक्षक-अधीक्षिका. कल्याण संघटक बहुधा माजी जेसीओ (सुभेदार वगैरे) किंवा एनसीओ (हवालदार वगैरे). गावोगाव फिरणारा तोच. नवीन साहेबाने पहिला आठवडा त्याच्याबरोबर तालुक्यात घालवावा, केबिन कुठे पळून जात नाही.

---

आयोगवाला

भरतीचं. पद गट-अ चं, महाराष्ट्रात लोकसेवा आयोगामार्फत जाहिरात येते. सैन्यदलातला किमान हुद्दा, कमिशन्ड सेवेची वर्षं, वयोमर्यादा हे त्या-त्या जाहिरातीत छापलेलं असतं आणि तेच प्रमाण. मित्राच्या वेळची जाहिरात बघून तयारी करू नका. अर्ज बाद होण्याची नेहमीची कारणं चार:

एक, "माजी सैनिक" या व्याख्येत न बसणं. पेन्शनवर आलेला बसतो. शॉर्ट सर्व्हिसचा अधिकारी ठरलेली मुदत पुरी करून, ग्रॅच्युइटी घेऊन सुटला तर बसतो. मुदत संपायच्या आत स्वतःच्या विनंतीवरून, पेन्शनविना सुटला तर बसत नाही. रिलीज ऑर्डरमधली कारणाची ओळ नीट वाचा, सगळं तिच्यावर आहे.

दोन, सेवेत असताना अर्ज केला पण ना हरकत प्रमाणपत्र नाही. अधिकाऱ्याच्या बाबतीत हे प्रकरण युनिटमध्ये संपत नाही, वर एमएस (मिलिटरी सेक्रेटरी) शाखेपर्यंत जातं. मुलाखतीच्या पत्राची वाट बघत बसलात तर हुकलंच. जाहिरात दिसल्याच्या आठवड्यात कागद हलवा.

तीन, गट-अ ला माजी सैनिकांचं आरक्षण असतं असा समज. राज्यात १५ टक्के समांतर आरक्षण आहे ते गट-क आणि गट-ड मध्ये. इथे पदच माजी अधिकाऱ्यांसाठीचं, त्यामुळे स्पर्धा आपसातलीच.

चार, मराठी. लिहिता, वाचता, बोलता येणं लागतं. बोलण्याची अडचण मराठी घरातल्या कोणाला येत नाही, लिहिण्याची येते. वीस वर्षं इंग्रजीत डीओ लेटर (अर्धशासकीय पत्र) लिहिलेला हात "उपरोक्त विषयान्वये" लिहायला कचरतो.

---

शुभदा_क

वयाबद्दल एक गोष्ट कोणी बोलत नाही. राज्य सरकारात गट-अ चं निवृत्तीचं वय ५८. लेफ्टनंट कर्नल टाइमस्केल (सेवेच्या वर्षांवर बढती मिळालेला) किंवा कर्नल ५४ ला घरी येतो. म्हणजे भरती लांबली, रुजू व्हायला वर्ष गेलं, की हातात तीन वर्षं राहतात. खातं समजेपर्यंत निरोप समारंभ. शॉर्ट सर्व्हिसवाला ३६-३८ ला बाहेर येतो, त्याच्यापुढे वीस वर्षं असतात. हे पद खऱ्या अर्थाने करिअर आहे ते त्याच्यासाठी.

पेन्शनचंही तेच. अधिकाऱ्याला फौजेची पेन्शन २० वर्षांनी. चौदा वर्षांवाल्याला ती नाही. राज्य सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर येणारा राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेच्या चौकटीत येतो, तेव्हा त्याची पहिली पेन्शन म्हणजे तीच. रुजू झाल्याच्या पहिल्या महिन्यात प्राण क्रमांकाचा (या योजनेतल्या कायम खाते क्रमांकाचा) फॉर्म भरून घ्या. सहा महिने कपात सुरू झाली नाही तर शासनाचा हिस्साही अडकतो.

---

कोषागार_कट्टा

पगारनिश्चितीबद्दल लोक फार चुकीचं सांगतात, म्हणून आकड्यात लिहितो. आधी केंद्राचा नियम, कारण बाकीचे त्याच्याकडे बघून चालतात.

केंद्रात पुनर्नियुक्त निवृत्तिवेतनधारकांसाठी १९८६ चे आदेश आहेत. ५५ च्या आत निवृत्त झालेल्या कमिशन्ड अधिकाऱ्याच्या पेन्शनमधले पहिले १५,००० रुपये दुर्लक्षित करतात. मे २०१७ पूर्वी हा आकडा ४,००० होता. उरलेली पेन्शन पगारातून वजा होते. जवान आणि जेसीओंची पेन्शन पूर्ण दुर्लक्षित, म्हणून त्यांचा पगार नव्या पदाच्या सुरुवातीच्या टप्प्यावर बसतो.

उदाहरणापुरते आकडे घ्या. शेवटचा मूळ पगार १,३०,०००, पेन्शन ६५,०००. दुर्लक्षित १५,०००, म्हणजे वजा होणार ५०,०००. हातात मूळ पगार ८०,००० आणि पेन्शन वेगळी. इथे पेन्शन धरायची ती अंशराशीकरणाच्या आधीची, पूर्ण. फौजेत ५० टक्क्यांपर्यंत पेन्शन विकता येते. ती विकलेली असेल तर दरमहा खात्यात ३२,५०० येतात आणि वजावट मात्र ६५,००० धरून होते. इथे बऱ्याच जणांना घाम फुटतो. पगार आणि पेन्शनची बेरीज २,२५,००० वर जाऊ शकत नाही, तीही मर्यादा आहे.

भत्ते वजावटीपूर्वीच्या पगारावर मिळतात. त्यामुळेच अधिकाऱ्याच्या पेन्शनवरचा महागाई दिलासा नोकरी असेतोवर थांबतो. आणि १५,५०० रुपयांचा मिलिटरी सर्व्हिस पे नागरी पदावर नाहीच.

आता महाराष्ट्र. वित्त विभागाचे स्वतःचे नियम आणि शासन निर्णय आहेत, केंद्राचा आदेश इथे आपोआप लागू होत नाही. रुजू होताना तीन गोष्टी लेखी मागा: नियुक्ती आदेशात "पुनर्नियुक्ती" लिहिलंय की "सरळसेवेने नियुक्ती", पगारनिश्चिती कोणत्या नियमाखाली केली, आणि ती वेतन पडताळणी पथकाने तपासली का. पडताळणी निवृत्तीच्या तोंडावर झाली आणि जादा रक्कम निघाली, की वसुली उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून.

---

तोफखाना_नाका

कोषागार_कट्टा यांच्या पोस्टला जोड. पुनर्नियुक्ती झाल्याचं स्पर्श या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत कळवायला लोक विसरतात. हयातीचा दाखला भरताना नोकरीबद्दलची घोषणा असते, तिथे "नाही"वर सवयीने टिचकी पडते. महागाई दिलासा चालूच राहतो आणि दोन-तीन वर्षांनी एकरकमी कापला जातो. ज्याने इतरांचे हयातीचे दाखले भरून द्यायचे त्यानेच ही चूक करावी, म्हणजे कमालच.

---

नवी_वाट

पगाराचं चांगलंच उकललं. आता कामाकडे वळूया. अधिकार किती? योजना मंजूर कोण करतं?

---

लाँगरोल

खरं सांगायचं तर मंजुरीचे अधिकार फार थोडे. या पदाची ताकद शिफारशीत, पडताळणीत आणि पाठपुराव्यात. सही करून हुकूम सोडायची सवय असलेल्याला हेच जड जातं. पेन्शन मंजूर करतं प्रयागराजचं कार्यालय, नावाची दुरुस्ती करतं रेकॉर्ड ऑफिस (त्या-त्या रेजिमेंटचे सेवा-कागद सांभाळणारं अभिलेख कार्यालय), केंद्राचं अनुदान देतं केंद्रीय सैनिक बोर्ड, जमिनीचं बघतात तहसीलदार आणि कलेक्टर. जिल्ह्याच्या टेबलावरून जातो तो कागद. तो पहिल्या फेरीत पुरा गेला तर काम होतं, अपुरा गेला तर सहा महिने हेलपाटे.

रेकॉर्ड ऑफिसांचे पत्ते तोंडपाठ हवेत. आपल्याकडे रोज लागणारी: मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार रेजिमेंट सागर, तोफखाना नाशिक रोड कॅम्प, बॉम्बे सॅपर्स खडकी, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री अहिल्यानगर, ब्रिगेड ऑफ द गार्ड्स कामठी, ईएमई सिकंदराबाद, सिग्नल्स जबलपूर, एएससी बंगळूर, मेडिकल कोअर लखनौ. नौसैनिकांसाठी मानखुर्दचं ब्युरो ऑफ सेलर्स, हवाई दलासाठी दिल्लीचं सुब्रतो पार्क. पत्रात आर्मी नंबर, हुद्दा, नाव, रेजिमेंट, भरती आणि डिस्चार्जची तारीख एवढं पहिल्या ओळीत. नंबर नसेल तर तिकडचा लिपिक पत्र बाजूला ठेवतो, आणि त्याचं चूकही नाही.

सगळ्यात जास्त येणारं प्रकरण म्हणजे विधवेच्या नावातली तफावत. सविस्तर लिहितो.

नवरा गेला. डिस्चार्ज बुकात कुटुंबाच्या पानावर नाव "सुमनबाई". पीपीओवर, म्हणजे पेन्शन अदायगीच्या आदेशावर, इंग्रजीत सुमन, बाई गायब. आधारवर सुमन, पुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव. बँकेच्या पासबुकात माहेरचं नाव, कारण खातं लग्नाआधीचं. जन्मतारीख तीन ठिकाणी तीन. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत, त्यामुळे कधी कधी पहिलं नावच वेगळं: रेकॉर्डला लक्ष्मी, माहेरच्या दाखल्यावर पार्वती.

क्रम असा ठेवा.

आधी मूळ काय आहे ते ठरवा. मूळ म्हणजे फौजेचा कागद: डिस्चार्ज बुक, पार्ट टू ऑर्डर (लग्न, मुलं वगैरे नोंदवणारा युनिटचा आदेश), पीपीओ. हे तिन्ही एकमेकांशी जुळत असतील तर फौजेकडे जायचंच नाही. आधार आणि बँक दुरुस्त करा. महिन्याभराचं काम. लोक नेमकं उलटं करतात. आधारप्रमाणे फौजेचं रेकॉर्ड बदलायला निघतात आणि वर्ष घालवतात.

फौजेचे कागद आपसातच जुळत नसतील, किंवा पत्नीच्या नावाची नोंदच नसेल, तर रेकॉर्ड ऑफिसला प्रस्ताव. सोबत मृत्यू दाखला, विवाहाचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला असल्यास तो, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोरचं प्रतिज्ञापत्र, जुनी कुटुंब शिधापत्रिका, आणि जिल्हा कार्यालयाचा चौकशी अहवाल. या अहवालात "चौकशी केली, बरोबर आहे" एवढंच लिहू नका. कोणाला विचारलं, कोणते मूळ कागद पाहिले, कोणत्या तारखेला, हे लिहा. मग तिथून नोंद होते, दुरुस्ती पीपीओ निघतो आणि स्पर्शवर दिसतो.

मृत्यूची खबर मात्र नाव दुरुस्तीची वाट न बघता लगेच द्यायची. नाहीतर नवऱ्याची पेन्शन खात्यात पडत राहते, घर त्यावर चालतं, आणि नंतर वसुली बाईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून.

---

शुभदा_क

लाँगरोल, दर पण सांगून ठेवा. कार्यालयात येणाऱ्या दहापैकी नऊ बायकांना आपल्याला कोणतं निवृत्तिवेतन मिळतंय हे माहीत नसतं. साधं कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. वाढीव ५० टक्के, सेवेत मृत्यू झाला तर १० वर्षं. निवृत्तीनंतर झाला तर ७ वर्षं किंवा पती ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, जे आधी येईल ते. मृत्यूचं कारण सेवेशी निगडित असेल तर विशेष, ६० टक्के. युद्धात किंवा तशा कारवाईत असेल तर उदारीकृत, पूर्ण १००. फरक केवढा बघा. कारणाचा रकाना चुकीचा पडला असेल तर तो शोधणं हीच सगळ्यात मोठी मदत.

अपंग मुलगा-मुलगी असेल तर त्यांचं नाव आणि मेडिकल बोर्डाचं प्रमाणपत्र वडील हयात असतानाच पीपीओवर चढवून घ्यायला सांगा. आईवडील दोघंही गेल्यावर हे काम कोणी करायचं?

---

तोफखाना_नाका

पेन्शन नसलेल्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. पाच-सात वर्षं नोकरी करून घरी आलेले, आता सत्तरीत. गरजू निर्वाह अनुदान, ज्याला कार्यालयात सगळे पेन्युरी ग्रँटच म्हणतात, ते यांच्यासाठी: हवालदार हुद्द्यापर्यंतचे, वय ६५ च्या पुढे, कोणतीच पेन्शन नाही असे माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा. महिना ४,००० होते. ऑक्टोबर २०२५ च्या मंजुरीने १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,०००. त्याच वेळी शिक्षण अनुदान दर मुलामागे महिना १,००० वरून २,००० झालं, दोन मुलांपर्यंत. मुलीच्या लग्नाचं ५०,००० वरून १,००,०००, हेही दोन मुलींपर्यंत.

मेख अशी की पेन्शन नसलेल्याचे सेवा-कागद रेकॉर्ड ऑफिस २५ वर्षांनी नष्ट करतं. अर्जदार ६५ च्या पुढचा, म्हणजे सुटून चाळीस वर्षं झालेली. बेळगावला पत्र घातलं तर उत्तर येतं, कागद नियमानुसार नष्ट. अशा वेळी त्याच्या हातातलं डिस्चार्ज बुक हाच एकमेव पुरावा, आणि ते बहुधा तुळईवरच्या ट्रंकेत वाळवीने खाल्लेलं.

---

पेटीमास्तर

आणि ते हरवलं असेल तर? "काही होणार नाही" म्हणून परत पाठवणारी कार्यालयं असतात, तसं करू नये. पोलिसांत हरवल्याची नोंद करायची, प्रतिज्ञापत्र करायचं, आणि रेकॉर्ड ऑफिसला पत्र घालताना सेवा-कागदांऐवजी "लाँग रोलमधील नोंदीचा उतारा" असा शब्दशः मागायचा. कागद नष्ट झाले तरी त्या नोंदवहीत नंबर, नाव, भरती, सुटका आणि सुटण्याचं कारण असतं. नुसतं "सेवा प्रमाणपत्र द्या" लिहिलं तर छापील नकार येतो.

सुटण्याचं कारण मुद्दाम बघा. शिस्तभंगाने काढलेला असेल तर अनुदान नाही. म्हाताऱ्याला हे चारचौघांत सांगू नका, केबिनचं दार लावून सांगा.

---

लाँगरोल

छान. माझं नाव सार्थकी लागलं.

---

ऑनलाइन_अर्जी

केंद्रीय सैनिक बोर्डाचे अर्ज संगणकावरून जातात. माजी सैनिक स्वतः भरतो, जिल्हा कार्यालय मूळ कागद पाहून पुढे ढकलतं, मग राज्य, मग दिल्ली. परत येणारे अर्ज का येतात:

स्कॅन झेरॉक्सचा असतो. मूळ कागदाचा, रंगीत, वाचता येईल असा हवा. बँक खातं जोडखातं आणि पहिलं नाव दुसऱ्याचं. मुलीचं नाव किंवा जन्मतारीख पार्ट टू ऑर्डरशी जुळत नाही. लग्नाच्या अनुदानाला १८० दिवसांची मुदत. आपल्याकडे विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढायलाच लोक चार महिने लावतात. वैशाखात लग्न, दिवाळीनंतर अर्ज, म्हणजे गेलं. आणि नव्या एक लाखाचा दर आदेशानंतरच्या लग्नांना. आधीच्या लग्नाला जुनाच, यावरून काउंटरवर रोज वाद.

पंतप्रधान शिष्यवृत्तीचं गणित वेगळं. वर्षाला ५,५०० नव्या शिष्यवृत्त्या, निम्म्या मुलींना. मुलींना महिना ३,०००, मुलांना २,५००. किमान पात्रतेच्या परीक्षेत ६० टक्के, आणि अभ्यासक्रम व्यावसायिक पदवीचा. नुसत्या बीए, बीकॉमला नाही. अर्ज पहिल्या वर्षालाच. दुसऱ्या वर्षाला जाग आलेला पालक कितीही चिडला तरी उपयोग नाही, म्हणून जूनमध्येच कल्याण संघटकामार्फत गावात निरोप गेला पाहिजे. आपशिंगे, सैनिक टाकळी अशा गावांत एक फलक लावला तरी पुरतं. जिथे गावात दोनच माजी सैनिक आहेत तिथे फोनच करावा लागतो.

---

नस्तीकार

आता कार्यालयाच्या आतलं. प्रभार घेताना शिष्टाचारात अडकू नका, नोंदवह्या उघडा. रोकडवही, धनादेश पुस्तकं, न वापरलेली पावती पुस्तकं क्रमांकासह, ध्वजदिनाचे स्टिकर आणि तिकिटं मोजून, जडवस्तू संग्रह नोंदवही, वसतिगृहाच्या अनामत रकमा, वीरपत्नी आणि वीरमाता-पितांची यादी, न्यायालयीन प्रकरणं, माहिती अधिकाराचे प्रलंबित अर्ज. जे सापडलं नाही ते प्रभार यादीतच "आढळले नाही" म्हणून लिहा. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्राला तेवढी किंमत राहत नाही. आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे कोषागारातून पैसे काढून वाटणारा अधिकारी, म्हणून नमुना सही कोषागारात गेल्याशिवाय एकही देयक निघत नाही, कर्मचाऱ्यांचे पगारसुद्धा. ती पहिल्याच दिवशी. सेवार्थ (पगाराची प्रणाली) आणि बीम्सचे (अनुदान वाटपाची प्रणाली) पासवर्ड जुन्या साहेबांच्या मोबाइलवर ओटीपी मागत बसतात, तेही बदलून घ्या.

ध्वजदिन ७ डिसेंबर, १९४९ पासून. जिल्ह्याला निधी गोळा करायचं उद्दिष्ट येतं, कलेक्टर ते खात्यांना वाटतात, आणि वर्षअखेर पावती पुस्तकं परत मिळवायची जबाबदारी उरते या कार्यालयाची. रक्कम जमा पण पुस्तकाचा दुसरा भाग गहाळ, हा लेखापरीक्षणाचा आवडता आक्षेप. एकेक पुस्तक कोणाला दिलं त्याची पोच हवीच.

दप्तराची पद्धत सहा गठ्ठ्यांची, अहमदनगर जिल्ह्यात अनिलकुमार लखिना यांनी बसवलेली. अभिलेख अ, ब, क, क-१, ड: कायम, ३० वर्षं, १० वर्षं, ५ वर्षं, १ वर्ष. फौजेतल्या माणसाला हे फार लवकर जमतं, नीटनेटकेपणाची सवय असते. टिपणी जमत नाही. नमुना देतो (प.वि. म्हणजे नस्तीतला पत्रव्यवहार विभाग):

"१. दिवंगत हवालदार यांच्या पत्नीचा अर्ज पृ. ७/प.वि. वर पाहावा.
२. डिस्चार्ज बुक व पीपीओ यांतील पत्नीच्या नावात तफावत आहे (पृ. ९ व ११/प.वि.).
३. कल्याण संघटक यांनी गृहभेट देऊन चौकशी केली असून अहवाल पृ. १५/प.वि. वर आहे.
४. सबब, अभिलेख कार्यालयास नाव दुरुस्तीचा प्रस्ताव पाठविणे उचित होईल. पत्राचा मसुदा मान्यतेस्तव सादर."

चार ओळी, प्रत्येक विधानाला पानाचा आधार, शेवटी काय करायचं ते. खाली लिपिकाची, मग सहायकाची, मग तुमची सही. तोंडी "करून टाका" म्हटलं तर लिपिक मान डोलावतो आणि काही करत नाही. त्याच्या दृष्टीने आदेश म्हणजे नस्तीवरची सही. त्याला आळशी समजणारे साहेब पुढे माहिती अधिकारात उत्तर देताना त्याच्याच नस्त्या शोधतात.

---

पेटीमास्तर

कर्नल म्हणून हाक मारली नाही, केबिनमध्ये उठून उभे राहिले नाहीत, या तक्रारी पहिल्या महिन्यात टाळता आल्या तर उरलेली नोकरी सुखाची जाते. कलेक्टर कचेरीत तुम्ही "सैनिक कल्याणचे साहेब". लोकशाही दिनाला, म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, प्रांतांच्या रांगेत खुर्ची मिळते, एवढाच मान. तिथे माजी सैनिकाचा अर्ज महसूल विभागाकडे असेल तर त्याची प्रत खिशात ठेवून जा, नाहीतर तो "संबंधितांकडे वर्ग" होऊन पुन्हा तुमच्याच टपालात येतो.

---

नवी_वाट

शेवटचा प्रश्न, जमिनीचा. निम्म्या तक्रारी जमिनीच्या असतात असं ऐकलं. त्यात या अधिकाऱ्याने काय करायचं?

---

सातबारा

निम्म्या आहेत की नाहीत ते माहीत नाही, पण सगळ्यात चिवट याच. तीन प्रकार वेगळे करा.

माजी सैनिक म्हणून सरकारकडून मिळालेली जमीन: सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२. परवानगीशिवाय विकली किंवा गहाण टाकली तर शर्तभंग, सरकारजमा होऊ शकते. साठेखत करून ताबा देऊन बसलेले लोक नंतर येतात. आधी विचारायला आला तर कलेक्टरच्या परवानगीचा अर्ज करून द्या.

कुळाकडे असलेली जमीन: महाराष्ट्र कुळवहिवाट कायद्यात सैनिक जमीनमालकांसाठी कलम ४३-१अ पासून वेगळ्या तरतुदी आहेत. कागद घेऊन तहसीलदारांकडे पाठवा आणि वकील गाठायला सांगा. जिल्हा सैनिक कार्यालयाने ताब्याबद्दल मत देऊ नये.

तिसरा, जवान अजून सेवेत आणि गावात भावकीने दावा लावलेला. भारतीय सैनिक खटले अधिनियम, १९२५. जवान विशेष किंवा युद्धपरिस्थितीत तैनात असेल तर कमांडिंग ऑफिसरचं पत्र न्यायालयात दाखल करून कामकाज तहकूब करून घेता येतं, एकतर्फी निकाल टळतो. गावाकडून बायकोचा फोन येतो तो तारखेच्या आदल्या संध्याकाळी. त्या क्षणी युनिटच्या अॅडज्युटंटला (कमांडिंग ऑफिसरचं कार्यालयीन काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) कोणत्या शब्दांत काय मागायचं हे माजी अधिकाऱ्याइतकं चटकन कोणाला येणार नाही. पत्रात दाव्याचा क्रमांक, न्यायालयाचं नाव आणि पुढची तारीख हवी, गोल शिक्का हवा. ईमेलवर आलेली प्रत सकाळी वकिलाच्या हातात, मूळ पत्र मागून टपालाने.

---

नवी_वाट

सर्वांचे आभार. रेकॉर्ड ऑफिसांची यादी आणि टिपणीचा नमुना धाग्याच्या वर चिकटवतोय. कोणाकडे महाराष्ट्राच्या पगारनिश्चितीचा चालू शासन निर्णय असेल तर क्रमांक आणि दिनांकासह टाका, नुसता "माझ्या माहितीप्रमाणे" नको.